गळलेल्या फ्रेमा

ताईचा उजवा हात कपाळापासून निघाला, डाव्या मनगटाकडे वळला आणि वाटेतच थांबला. हवेत, छातीच्या जरा वर, बोटं अर्धवट मिटलेली. पडद्यासमोर बसलेल्या तिच्या भावाने श्वास रोखला. टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा घों घों करत असा चढला की वाटावं आता डबा जमीन सोडून उडणार. पण पडद्यावर काही हललं नाही. मग एकदम ताई हसताना दिसली, मान मागे टाकून, डोळे मिटून, दोन्ही हात मांडीवर. म्हणजे गोष्ट संपली होती. गोष्टीतल्या घड्याळजीने शेवटी काय उत्तर दिलं ते मधल्या भोकात पडलं होतं. ताई तिकडे पोट धरून हसत होती आणि हा इकडे माउस टेबलावर आपटत होता.

"आता काय मोडलं?" आतल्या खोलीतून बायकोने विचारलं. तिचं शिलाई मशीन क्षणभर थांबलं.

"काही नाही. घड्याळजी अडकला."

"कोण?"

"ताईचा घड्याळजी. जाऊ दे, तू शिव."

त्याने तो तुकडा मागे नेला, पुन्हा लावला. पुन्हा तेच. कधी चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे, कधी ताईच्या चेहऱ्याचा वरचा भाग पुढे जायचा आणि हनुवटी मागे राहायची, कधी हात एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारायचा. पण त्या ठिकाणी, मनगटाच्या अलीकडे, काही ना काही हमखास व्हायचंच. दुसऱ्या कोणाची बहीण असती तर डोळे मिटून नुसता आवाज ऐकला असता. चित्र अडकलं तरी आवाज पुढे जातो, काम भागतं. पण ताईला आवाजच नव्हता. म्हणजे होता, हसताना घशातून यायचा, पण शब्द नव्हते. लहानपणीच्या तापाने तिचे कान नेले आणि कानांच्या मागोमाग बोलणंही गेलं. तिचं जे काही होतं ते हातांत होतं, आणि हात हे असे खाटकाच्या दुकानातल्यासारखे तुकड्या-तुकड्यांनी येत होते.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उमेदीची सगळी वर्षं त्याने शाफ्टमध्ये तारांकडे बघत घालवली होती, आणि यंत्राच्या बाबतीत त्याचा एक हट्ट होता: यंत्र खोटं बोलत नाही. माणूस म्हणतो, कालपर्यंत चांगली चालत होती. यंत्र म्हणतं, छे, सहा महिन्यांपासून माझा ब्रेक झिजतोय, तुम्ही बघितलंच नाही. त्यामुळे घरातल्या कॉम्प्युटरने आपल्याला असं तोंडघशी पाडावं हे त्याला फारच लागलं होतं. हा कॉम्प्युटर कंपनीने भंगारात काढलेला. त्याच्यावरची जुनी सिस्टीम म्हातारी झाली होती आणि नवी सिस्टीम म्हणे याला पेलवणार नव्हती. तेव्हा कोणीतरी सांगितलं की लिनक्स टाका, जुन्या घोड्याला हलकं खोगीर. त्याने रजेच्या दिवशी बसून, पुस्तकात बघून बघून, स्वतःच्या हाताने टाकलं. काळ्या खिडकीत कमांड लिहायची आणि ते गुमान ऐकायचं, हे त्याला इतकं आवडलं की बायको म्हणाली, घरात तुमचं ऐकणारं शेवटी कोणीतरी मिळालं. बिलं, पत्रं, जुने फोटो, सगळं झकास चाललं. व्हिडिओ लावला की मात्र डब्याला धाप लागायची.

"मोबाईलवर बघा की," बायको म्हणाली होती. बघितलं नव्हतं असं नाही. पण मोबाईलवर ताई काडेपेटीएवढी दिसायची; बोटं कुठली आणि बाही कुठली, चष्मा चढवूनही कळत नसे. शिवाय त्या मोबाईलवरही हात अडकला होताच. तेव्हा त्याने नेटला शिव्या घातल्या होत्या. मोबाईल भिकार, नेट भिकार, कॉम्प्युटर म्हातारा: सगळीकडून एकदम अंगावर यावं तसं झालं होतं. आणि दर आठवड्याला तो ताईला हातांनी तेच सांगायचा, कॅमेऱ्यासमोर बसून, उजवी मूठ डाव्या तळव्यावर आपटत: माझा डबा खराब. तुझा हात मध्येच थांबतो. दुरुस्त करतोय. ताईचं उत्तर यायचं: राहू दे. काही घाई नाही. नवीन घेऊ नकोस. तो मनात म्हणायचा, ही आमची काटकसरी बाई, हिला दुसऱ्याच्या घरातलाही खर्च बघवत नाही.

लिनक्सवाल्यांचा एक फोरम होता. तिथे लोक आपापली दुखणी मांडायचे आणि बाकीचे त्यांना वेड्यात काढत काढत औषध सांगायचे. त्याने लिहिलं: व्हिडिओ अडकतो. सगळं करून झालं. आता काय करू? तासाभरात उत्तर आलं. उत्तर देणाऱ्याने घुबडाचं चित्र लावलं होतं आणि नावही घुबडच.

"सगळं म्हणजे काय काय?" घुबडाने विचारलं. "आणि करून झालं असतं तर इथे आला नसता."

त्याला राग आला, पण मुद्दा बिनतोड होता. मग ते सुरू झालं. आधी खिडक्या उघडताना-मिटताना होणारी सगळी नाटकं बंद केली: सावल्या, झुळझुळणं, पारदर्शक कडा. मग डेस्कटॉपच बदलला, एक रूक्ष, करड्या रंगाचा, सरकारी कपाटासारखा लावला. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप जागी होणारी बांडगुळं एकेक करून झोपवली. ब्राउझरमधल्या उघड्या ठेवलेल्या पानांचा पसारा आवरला. डबा चालायला लागला, अगदी पोरासारखा टुणटुण. त्याने आनंदाने ताईचा व्हिडिओ लावला. पंखा घों घों. हात कपाळापासून निघाला, वळला, थांबला.

त्या आठवड्यात एका इमारतीतून तक्रार आली की लिफ्ट मध्येच थांबते. वरच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी फोन केला होता. तो गेला, कंट्रोलरचं दार उघडलं, ब्रेक बघितला, दरवाजाचा सेन्सर पुसला, केबिनमध्ये उभा राहून वर-खाली फेऱ्या मारल्या. लिफ्ट लोण्यातून सुरी जावी तशी चालत होती. फेऱ्या मारता मारता त्याच्या डोळ्यांसमोर मात्र ताईचा हात होता. ती खूण कुठली? कपाळापासून निघते म्हणजे 'त्याला वाटलं' असणार, किंवा 'तो विसरला'. ताईच्या आणि त्याच्या खुणा कुठल्याही पुस्तकातल्या नव्हत्या. त्या त्यांनी लहानपणी स्वयंपाकघरात ओट्याखाली बसून बनवल्या होत्या. आईला ते आवडायचं नाही. लोक बघतात, हातवारे करू नका, तिला ओठ वाचायला शिकू दे, शाळेत तेच सांगितलंय. मग आई समोर असली की दोघं हात मांडीखाली दाबून बसायचे आणि आई वळली की चारही हात एकदम बोलायला लागायचे. एकदा शाळेतल्या बाई घरी आल्या ताईची तक्रार घेऊन. तिने फळ्यावर बाईंचं चित्र काढलं होतं, हुबेहूब, मिशीसकट. ताईने त्याला खुणेने विचारलं, काय म्हणतायत? त्याने सांगितलं, चित्र फार आवडलं म्हणतायत. ताईने उठून बाईंना वाकून नमस्कार केला. बाई बावचळल्या, तक्रार अर्धीच राहिली. पुढे तेच चित्र काढणारे हात ताईला पुरले. ती दुकानांच्या, दवाखान्यांच्या, वकिलांच्या पाट्या रंगवायला लागली. पट्टी न लावता सरळ रेघ ओढायची. नवरा गेल्यावरही ती त्याच गावात राहिली, रेल्वेने अर्ध्या दिवसावर, आणि लोक लांबून येऊन तिच्याकडून अक्षरं काढून घ्यायचे. छापील पाट्या आल्या तरी. तिच्या अक्षराला पोट असतं, लोक म्हणायचे, छापील अक्षर उपाशी दिसतं.

"बाई, मशीनला काही झालेलं नाही," त्याने वरच्या मजल्यावर जाऊन सांगितलं.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "मग मला काहीतरी झालंय," त्या म्हणाल्या.

तो हसला. सही घेतली आणि जिन्याने खाली उतरला.

घुबडाने पुढचं औषध दिलं. "पंखा ओरडतोय म्हणजे चित्र उलगडायचं काम एकटा प्रोसेसर करतोय. ग्राफिक्स चिप बाजूला बसून मजा बघतेय. तिला चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम टाका, तिला कामाला लावा." हे त्याला पटलं. घरात दोघं असताना एकट्यानेच पाणी का भरायचं? सुट्टीच्या दिवशी सकाळी चहा झाल्या झाल्या तो बसला. एक ड्रायव्हर काढला, दुसरा टाकला, डबा बंद करून चालू केला. पडदा काळा. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती, बस. त्याने कळा दाबून बघितल्या. बंद-चालू केलं. रेघ लुकलुकत राहिली, तिला कशाचंच सोयरसुतक नव्हतं. कानशिलं तापली. इतका संताप त्याला माणसांचाही येत नसे. माणूस निदान भांडतो. हे गप्प बसून लुकलुकतं.

बायको कपडे घेऊन खोलीत आली. ती लोकांचे कपडे उसवून, आत घेऊन किंवा सैल करून द्यायची. अंगावरचा कपडा बघून माणूस ओळखायची तिला खोडच होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "ताई हल्ली बटणांचं काही घालत नाहीत का?"

"काय?"

"मागे मी त्यांना तो निळा शर्ट शिवून पाठवला, पुढून बटणांचा. एकदाही दिसला नाही. दर व्हिडिओत आपले डोक्यातून घालायचे ढगळे."

"अगं इथे सगळा डबा मेलाय आणि तुला शर्टाचं पडलंय!"

"मला शर्टाचं नाही पडलेलं," बायको म्हणाली, आणि आणखी काहीतरी म्हणणार होती, पण त्याचा चेहरा बघून घड्या घातलेले कपडे उचलून निघून गेली. आतलं मशीन जरा जास्तच जोरात चालू झालं.

दुपारपर्यंत त्याने मोबाईलवर फोरम वाचत वाचत, काळ्या पडद्यावर एकेक कमांड लिहून, चुकवून, पुन्हा लिहून डबा परत माणसांत आणला. जेवण टेबलावर गार झालं. करडा डेस्कटॉप उगवला तेव्हा त्याला रडू यायचंच बाकी होतं. या सगळ्या खटपटीत त्याच्या लक्षात आलं की आपण घड्याळजीचं उत्तर ताईला सरळ विचारलंच नाही. 'शेवट दिसला नाही, परत सांग', एवढ्या दोन-तीन खुणा. का नाही विचारलं? विचारलं असतं तर ताईने तोच विनोद पुन्हा, मुद्दाम सावकाश करून दाखवला असता, आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं तिने आपल्याशी बोलणं त्याला नको होतं. आयुष्यभर लोक तिच्याशी तसं बोलत आले: तोंड मोठं करून, एकच वाक्य तीनतीनदा. त्या दोघांत ते कधी नव्हतं. त्या दोघांत वेग होता. ती अर्धी खूण करायची आणि उरलेली त्याला कळायची. आता अर्धी खूण करून हात थांबत होता आणि उरलेलं त्याला कळत नव्हतं, म्हणून तर एवढी तगमग. तो डबा दुरुस्त करत नव्हता, तो वेग परत आणायला बघत होता. हे असं स्पष्ट मनात आल्यावर त्याला स्वतःचीच थोडी लाज वाटली आणि तो पुन्हा कमांडकडे वळला.

नवा ड्रायव्हर दुसऱ्या खेपेला नीट बसला. दुसरे व्हिडिओ, बातम्या, बायकोच्या शिवणकामाच्या क्लिपा, सगळं पाण्यासारखं वाहायला लागलं. पंखा गप्प. फक्त ताईचे व्हिडिओ तेवढे अजून अडखळत होते. आता तर त्याला ते वैर वाटायला लागलं. सगळ्या जगाची हालचाल याला चालते, माझ्याच बहिणीची चालत नाही?

"फाइल कोणत्या फॉरमॅटची आहे?" घुबडाने विचारलं. त्याने बघून सांगितलं. "मग बरोबर," घुबड म्हणालं. "पाठवणाऱ्याकडे नवा टॅब्लेट असणार. तो नव्या पद्धतीने घडी घालतो. तुमच्या जुन्या चिपला ती घडी उलगडता येत नाही. फाइल जुन्या पद्धतीत बदलून घ्या. वेळ लागेल. मग प्लेअरमध्ये लावा, आकड्यांचं पान उघडा. तिथे गळलेल्या फ्रेमा, म्हणजे मध्येच वगळली गेलेली चित्रं, किती ते दिसतं. आकडा शून्य असेल तर मशीनला शिव्या देणं बंद करायचं."

कशी घडी, काय उलगडणं; पण कपड्यांच्या घरात राहिल्यामुळे म्हणा, त्याला लगेच कळलं. ताईने गेल्या वाढदिवसाला टॅब्लेट घेतला होता, खरंच. म्हणजे हे एवढंच होतं! त्याने घड्याळजीचा व्हिडिओ बदलायला लावला. डबा कण्हत बसला. हा बाहेर जाऊन भाजी घेऊन आला, न सांगता, आणि बायकोने भुवया वर केल्या. परत आला तेव्हा काम झालं होतं. उन्हं अजून खिडकीत होती. त्याने पडदा ओढून उजेड कमी केला, खुर्ची पुढे घेतली, चष्मा पुसला.

लावलं. ताई आली. देवा, किती दिवसांनी ताई अशी आली. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांसकट, कानामागे खोचलेल्या केसांसकट, एकसंध. हात उठले आणि घड्याळजी उभा राहिला: पोक काढलेला, एका डोळ्याला भिंग. त्याला पाटी हवी होती. मजकूर काय? 'घड्याळं वेळेवर दुरुस्त करून मिळतील.' ताईने रंगवून ठेवली. घड्याळजी येईना. ताईने पाटीवरची धूळ पुसल्याची खूण केली, एकदा, मग पुन्हा पुसली, मग पाटीवर कोळ्याचं जाळं आलं, ते बोटांनी विणून दाखवलं. तो आधीच हसायला लागला होता. मग एके दिवशी दार वाजलं, घड्याळजी हजर. ताईने विचारलं, इतका उशीर? आणि घड्याळजीने कपाळाला हात लावला, हात मनगटाकडे निघाला आणि थांबला.

त्याचा हात सवयीने माउसकडे गेला. मग तो थबकला. कोपऱ्यातल्या पानावर आकडा होता: गळलेल्या फ्रेमा, शून्य. पंखा गप्प होता. आणि पडद्यावर, ताईच्या पाठीमागे, खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगला, आत आला, परत सपाट झाला. पुन्हा फुगला. चित्र चालू होतं. खिडकी चालू होती, वारा चालू होता, ताईच्या छातीचा भाता खालीवर होत होता. फक्त हात हवेत होता, बोटं अर्धवट मिटलेली. ताईचे डोळे त्या हाताकडे वळले. ती हाताकडे रागाने बघत नव्हती. दारात उभ्या राहिलेल्या, आत यायला संकोचणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तशी बघत होती. मग डावा हात मांडीवरून उठला, त्याने उजव्याला खालून हळूच ढोसलं, मनगटाला धरून पुढे आणलं, जागेवर ठेवलं. उजवा हात सुटला. आणि घड्याळजीने मनगटावर टकटक करून सांगितलं: माझं घड्याळ बंद पडलं होतं. ताईने मान मागे टाकली आणि पोट धरून हसली.

तो हसला नाही. त्याने ते मागे नेलं, पुन्हा बघितलं. मग जुने व्हिडिओ काढले, एकेक करून बदलायला लावले. त्याच्या आधीचा. त्याच्या आधीचा. प्रत्येकात दिसलं, जसजसं मागे जावं तसतसं कमी, पण दिसलं. डावा हात कधी ढोसायचा, कधी ती वाक्यच बदलून सोपी खूण घ्यायची, कधी हात थांबला की खोकल्याचं नाटक करायची. सहा महिन्यांपासून माझा ब्रेक झिजतोय, तुम्ही बघितलंच नाही. हे वाक्य त्याच्या डोक्यात आलं आणि त्याला तिथेच बसून ओरडावंसं वाटलं. कोणावर, ते कळेना. डब्यावर ओरडता येत नव्हतं. डबा आता निर्दोष होता, शून्य, आणि एखाद्या निर्दोष माणसाचा यावा तसा त्याला त्याचा फार राग आला. एवढा खटाटोप करून काय दुरुस्त केलं मी? इतके दिवस निदान दोष माझ्या घरात होता.

बायको दारात येऊन उभी होती. तिला खुणा फारशा यायच्या नाहीत, पण तिने पडद्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"त्यामुळेच बटणांचं घालत नाही," तो म्हणाला.

"हो," बायको म्हणाली. "मला तसंच वाटत होतं. पण ते डबा डबा इतकं चाललं होतं की..." तिने वाक्य सोडून दिलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "फोन लावा त्यांना. समोरासमोर."

फोन लावला की ताईच्या खोलीत टॅब्लेट उजळायचा. ती आली. हातांना पाट्यांचा रंग लागलेला नव्हता. हे आता त्याला लगेच दिसलं.

डबा दुरुस्त झाला, त्याने सांगितलं.

ताईचा चेहरा उजळायला हवा होता. तिने विचारलं: आता नीट दिसतं?

खोटं बोलायला अजून जागा होती. मूठ तळव्यावर आपटली की झालं: नाही गं, अजून अडकतंय. त्याचे हात मांडीवर पडून राहिले, आई समोर असल्यासारखे. मग त्याने ते उचलले. दिसतं, तो म्हणाला. सगळं दिसतं.

ताईने उजवा हात मांडीवर ठेवला. मग ती डाव्या हाताने बोलली, नुसत्या डाव्याने, आणि त्या हाताचं बोलणं नव्याने लिहायला शिकलेल्या पोरासारखं वाकडं होतं. ती म्हणाली: मला वाटलं, तुझा डबा अजून थोडे दिवस खराब राहील.

त्याला एकदम संताप आला. मला का नाही सांगितलंस? दोन्ही हात इतक्या जोरात आले की बोटाचं एक पेर टेबलाच्या कडेवर आपटलं. कधीपासून? डॉक्टरकडे गेलीस?

गेले होते. एकदा. डॉक्टरने तोंडावर मास्क लावला होता, ओठ दिसले नाहीत. मग कागदावर लिहून दिलं. इथे ताईने नाक मुरडलं. अक्षर इतकं वाईट की मला वाटलं त्याचाच हात आजारी आहे.

तो हसला. नको असताना हसला. पाट्या? त्याने विचारलं. ताईने उजवा हात जरा वर केला, बघितला, खाली ठेवला. रेघ मध्येच थांबते, ती म्हणाली. थांबली की तिथे रंगाचा थेंब जमतो. लोक चांगले आहेत, थेंब असलेली पाटीही घेऊन जातात. म्हणून मीच बंद केलं.

मी येतो, तो म्हणाला.

तुझं काम?

लोक जिन्याने जातील.

त्याने रजा टाकली आणि तो गेला. ताईच्या घरी हॉलमध्ये ब्रश तेलात बुडवून, नीट धुऊन, बरणीत उभे करून ठेवले होते. ते बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं तरी बघितलं. ताईला शर्टाची बाही चढवायला त्याने मदत केली तेव्हा तिने त्याला कोपराने ढकललं, आणि ढकलताना हात अजिबात थांबला नाही. मोठ्या दवाखान्यात गेले. तिथली डॉक्टरीण वयाने लहान होती, चटपटीत, आणि ताईला ओठ वाचता येईनात हे कळल्यावर तिने स्वतःहून मास्क खाली घेतला. पण ती फार भरभर बोलायची आणि बोलताना कॉम्प्युटरकडे बघायची. तिने ताईला चालवलं, अंगठा आणि बोट जुळवायला लावलं, मनगट धरून फिरवून बघितलं. मग खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"त्यांना विचारा, हात थांबतो तेव्हा नेमकं काय वाटतं?"

त्याने विचारलं. ताईने प्रश्न नीट बघून घेतला. मग सांगायला लागली. हात काही दुखत नाही. मी त्याला सांगते, चल. तो ऐकतो. ऐकतो, पण... उजवा हात छातीजवळ आला आणि थांबला. डावा हात मदतीला उठला. ताईने तो परत मांडीवर दाबून ठेवला. ती त्या थांबलेल्या हाताकडे बघत बसली. खोलीत कुठेतरी एक यंत्र बारीक आवाजात वाजत होतं. डॉक्टरीण कीबोर्डकडे वळली.

"ठीक आहे," ती टाइप करत म्हणाली. "आलं लक्षात. दुखत नाही, हालचाल अडते. तर आता आपण आधी एक गोळी..."

"थांबा," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा आला. डॉक्टरीण दचकून वळली. त्याची नजर ताईच्या हातावरून हलली नाही. "तिचं वाक्य अजून संपलेलं नाही."